जोर बंद, बैठका चालू : टेनिस एल्बोतले दिवस

हात खाली सोडून तळवा पुढे केला की कोपराच्या बाहेरच्या अंगाला, अंगठ्याच्या बाजूला, हाडाचा एक लहानसा उंचवटा बोटाला लागतो. दंडाच्या हाडाचे ते खालचे टोक. मनगट आणि बोटे मागे उचलणारे बरेचसे स्नायू याच उंचवट्यावर एकत्र येतात आणि एका कंडरेने हाडाला बांधलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायू आणि हाड यांना जोडणारा चिवट, पांढरा दोर. टेनिस एल्बोचे दुखणे या बांधणीच्या जागी असते. तिथे दाबले की कळ येते, ती कधी मनगटापर्यंत उतरते, पण सांधा मात्र सहसा शाबूत असतो. कोपर नीट वाकते आणि नीट सरळही होते. अडते ते भाजीची पिशवी उचलताना, ओला टॉवेल पिळताना, दाराची मूठ फिरवताना. दुखणे जुने झाले की चहाचा भरलेला कपही जड वाटू लागतो.

दुखते कोपर, पण कारण मुठीत असते. मूठ आवळणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला आहेत. त्यांच्या कंडरा मनगट ओलांडून बोटांत जात असल्याने ते आकसले की बोटांबरोबर मनगटही आत वळू पाहते आणि मनगट आत वळले की मूठ ढिली पडते. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ घट्ट आवळून पाहिली तर हे लगेच कळते. जोर येतच नाही. म्हणून कोणतीही वस्तू धरताना मागच्या बाजूचे स्नायू मनगटाला ताणून जागेवर ठेवतात. या कामात मुख्य वाटा एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस या स्नायूचा, आणि टेनिस एल्बोत बहुतेक वेळा त्याचीच कंडरा बिघडलेली असते. दुधाने भरलेले पातेले सांडशीने उतरवण्याचे उदाहरण घ्यावे. पंजा पालथा, चिमूट घट्ट, हात जवळजवळ सरळ आणि वजन शरीरापासून लांब. या कंडरेवर सर्वाधिक ताण आणणाऱ्या चारही गोष्टी एका क्षणात जमून येतात. स्वयंपाकघरातले हे दुखणे ओट्यापाशीच का जाणवते, याचे उत्तर यात आहे.

प्रौढांमध्ये दर वर्षी शंभरात एक ते तीन जणांना हा त्रास होतो. वय साधारण पस्तीस ते पंचावन्न, हात बहुधा कामाचा, आणि स्त्री-पुरुष प्रमाण जवळपास सारखे. रुग्णांमध्ये टेनिस खेळणारे थोडेच असतात. सुतार, प्लंबर, रंगारी, खाटीक, कात्री चालवणारे शिंपी, दिवसभर माउस धरून बसणारे आणि घरकाम करणारे यांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. वैद्यकीय लेखनात हा आजार पहिल्यांदा आला तोही लिखाणाच्या संदर्भात. 1873 मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरने लिहिताना होणाऱ्या दुखण्याचे वर्णन केले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वॉल्टर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले, खेळाचे वेड पसरले, आणि 1882 मध्ये हेन्री मॉरिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये या दुखण्याचा संबंध रॅकेटशी जोडला. तेव्हापासून खेळाचे नाव आजाराला चिकटले ते आजतागायत.

पुढे जवळपास शंभर वर्षे ही कंडरेची सूज समजली जात होती आणि उपचारही सूज उतरवण्याचेच होत. 1979 मध्ये रॉबर्ट नर्शल आणि फ्रँक पेट्रोन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेचे वर्णन प्रसिद्ध केले. दाह झालेल्या ऊतीत ज्या पेशी सापडायला हव्यात त्या तिथे नव्हत्या. सापडले ते विस्कटलेले तंतू, कच्च्या रक्तवाहिन्या आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. रोजचा ताण रोजच्या डागडुजीपेक्षा जास्त झाला की कंडरा भरून येण्याच्या प्रयत्नातच अडकते. मूळचा रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे वेग आणखी मंद. धूम्रपान आणि मधुमेह यांमुळे कंडरांची दुखणी बळावतात, तीही याच वाटेने. ही समजूत बदलल्यावर उपचाराची दिशाही बदलायला हवी होती, आणि ती बदललीही. पण दवाखान्याबाहेर अजून 'सूज आहे, हात बांधून ठेवा' हाच सल्ला चालतो.

निदानाला सहसा यंत्र लागत नाही. हात सरळ ठेवून, मूठ वळून मनगट वर उचलायचे आणि डॉक्टरांनी ते खाली दाबायचे; किंवा फक्त मधले बोट वर उचलून धरायचे आणि त्यावर दाब द्यायचा. उंचवट्यापाशी ओळखीची कळ उठली की बहुतेक काम झाले. एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते ती शंका असेल तेव्हा. शंकेच्या जागा मात्र ठाऊक असाव्यात. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, मान वळवली की हात दुखत असेल, तर मूळ मानेत किंवा हाताच्या नसेत असू शकते. पडल्यानंतर कोपर सरळ होत नसेल, सांधा सुजून गरम झाला असेल किंवा ताप असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. दुखणे कोपराच्या आतल्या, करंगळीच्या बाजूला असेल तर तो गोल्फर्स एल्बो. त्याचा व्यायाम उलट बाजूचा असतो.

आता बरे होण्याचा हिशेब. बहुसंख्य रुग्ण वर्षभरात बरे होतात, काहीही केले तरी. हे वाक्य ऐकायला दिलासादायक, पण वर्षभर पिशवी न उचलता कोण राहणार? म्हणून लोक इंजेक्शनकडे वळतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने आराम पडतो तो खरा आणि झटपट पडतो. अडचण पुढची आहे. नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2002 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 92 टक्के बरे, फिजिओथेरपीवाले 47 टक्के आणि नुसती वाट पाहणारे 32 टक्के. तेच रुग्ण वर्षानंतर पाहिले तेव्हा इंजेक्शनवाले 69 टक्क्यांवर आले होते, फिजिओथेरपीवाले 91 आणि वाट पाहणारे 83 टक्क्यांवर. म्हणजे काहीच न करणारेसुद्धा पुढे गेले. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी 165 रुग्णांवर केलेला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही तेच सांगतो. वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण स्टेरॉइडनंतर 54 टक्के, तर औषध नसलेल्या इंजेक्शननंतर 12 टक्के होते. घरात लग्नकार्य आहे आणि पंधरा दिवस निभवायचे आहेत अशा वेळी कोणी जाणूनबुजून इंजेक्शन घेतले तर समजण्यासारखे आहे, मात्र पुढचे वर्ष त्यात गहाण पडू शकते हे माहीत असावे. मधुमेह असेल तर या इंजेक्शनाने काही दिवस साखर वाढते, हेही. स्वतःच्या रक्तापासून केलेल्या पीआरपी इंजेक्शनांचा गाजावाजा मोठा झाला, पण 2021 च्या कॉक्रेन आढाव्याला त्यांचा मोजण्याजोगा फायदा आढळला नाही.

कंडरेला खरे औषध लागते ते मोजलेल्या वजनाचे. ताण पूर्ण बंद केला तर तंतू आणखी दुबळे होतात आणि पुन्हा कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात दुखणे परत येते. हात महिनाभर गळ्यात अडकवून ठेवणाऱ्यांचा अनुभव बहुधा असाच असतो. उलट दुखणे दाबून पूर्वीइतकेच काम रेटले तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. मधली वाट ओळखायला फिजिओथेरपिस्ट एक साधे माप वापरतात. शून्य म्हणजे अजिबात वेदना नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तर चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाच्या पातळीवर परत आलेले असावे. सकाळी जास्त ठणकले तर आदल्या दिवशीचे वजन जास्त झाले. ते कमी करावे, सोडून देऊ नये.

सुरुवात हालचाल न करता होते. हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवून पंजा पालथा ठेवायचा, मनगट किंचित वर उचलायचे आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबत असताना जागेवर धरून ठेवायचे. तीस ते पंचेचाळीस सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती, असे चार-पाच वेळा. बऱ्याच जणांची कळ यानंतर थोडा वेळ कमी होते, म्हणून कामाला लागण्याआधी हे करणे सोयीचे पडते. हे निभू लागले की वजन येते. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो. वेगळे डंबेल आणण्याची गरज नाही. हात टेबलावर, मनगट कडेच्या बाहेर, पंजा पालथा. बाटलीसह मनगट वर न्यायला चांगल्या हाताने मदत करायची आणि खाली मात्र दुखऱ्या हातानेच आणायचे, चार आकडे मोजत, सावकाश. पंधरा वेळा असे तीन फेरे. भार सोसत लांब होणाऱ्या स्नायूचा हा व्यायाम कंडरेला नवे तंतू एका दिशेने रचायला लावतो, असे मानले जाते. लोकांची चूक नेमकी इथे होते. वर नेताना मदत घेतात आणि खाली आणताना बाटली सोडून देतात, तेव्हा व्यायामातला व्यायामच निघून जातो.

तिसरा प्रकार मनगट फिरवण्याचा. लाटण्याचे एक टोक मुठीत धरायचे, कोपर अंगाला लावून काटकोनात वाकवायचे आणि लाटणे हळूहळू डावीकडून उजवीकडे झुकवायचे. वजन वाढवायचे तर मूठ टोकाकडे सरकवायची, कमी करायचे तर मध्याकडे. बोटांभोवती रबरबँड अडकवून पंजा उघडण्याचा व्यायामही याच यादीतला. खांदा आणि पाठीचा पंखा दुबळा असेल तर हाताची सगळी उठाठेव कोपराच्या पुढच्या स्नायूंवर येते, म्हणून त्यांनाही बळ द्यावे लागते. हे सारे एका आठवड्याचे काम नाही. सहा आठवड्यांत फरक कळतो, तीन महिन्यांत भरवसा येतो. पहिले तीन आठवडे काहीच घडत नसल्यासारखे वाटते आणि बहुतेक जण तिथेच गळतात.

दरम्यान दिवसभराच्या पकडीचा खर्च आवरावा लागतो. पंजा पालथा ठेवून उचलायची वस्तू उताण्या पंजाने, कोपर वाकवून, अंगाजवळून उचलली की कंडरेवरचा ताण बराच उतरतो. पातेले सांडशीऐवजी जाड फडक्याने दोन्ही हातांनी उतरवावे, आणि शक्य तर ते आधी अर्धे रिकामे करावे. कपडे पिळण्याऐवजी नळाला अडकवून एकाच दिशेने पीळ द्यावा किंवा निथळत ठेवावे. पिशवीला खांद्याचा पट्टा असावा. कणीक मुठीने न मळता तळव्याच्या टाचेने मळावी. बारीक दांड्याच्या वस्तूला, मग तो स्क्रू-ड्रायव्हर असो वा झारा, कापड गुंडाळून तो जाड केला की कमी आवळावे लागते. माउस कीबोर्डला चिकटून असावा, म्हणजे हात लांब करावा लागत नाही. स्कूटरचा ॲक्सिलरेटर हा एक दुर्लक्षित भाग आहे. मूठ घट्ट, मनगट मागे वळलेले आणि वर रस्त्यातल्या खड्ड्यांचे हादरे; उजवे कोपर दुखत असताना रोज तासभर स्कूटर चालवणाऱ्याने काही आठवडे बस धरली तर व्यायामाचा परिणाम लवकर दिसतो.

कोपराखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा पट्टा औषधांच्या दुकानात मिळतो. तो काम करताना वापरावा आणि काम झाले की काढावा, झोपताना नको. उंचवट्यावरच बांधला तर उलट दुखते. बर्फाने किंवा वेदनाशामक जेलने कळ मऊ होते, एवढाच त्यांचा उपयोग.

या तीन-चार महिन्यांत बाकीच्या शरीराचे काय, हा प्रश्न नियमित व्यायाम करणाऱ्याला कोपरापेक्षा जास्त छळतो. हात दुखतो म्हणून आखाडा, जिम, सकाळचे फिरणे सगळेच सुटते आणि कोपर बरे होईपर्यंत पोट पुढे आलेले असते. याला काही वैद्यकीय कारण नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम दमछाकीचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. यातली बरीचशी बेगमी मूठ न वळता होऊ शकते. शिवाय चालण्यापळण्याने रक्ताभिसरण सुधारते, झोप नीट लागते आणि वेदना सोसण्याची ताकद वाढते, त्याचा कोपरालाही लाभच.

तालमीच्या भाषेत सांगायचे तर जोर बंद, बैठका चालू. बैठका, एक पाय पुढे टाकून खाली जाणे, भिंतीला पाठ टेकवून अधांतरी बसणे, टाचा उचलणे, सेतुबंधासन, या सगळ्यांत हात रिकामे असतात. वजन हवे असेल तर हातात डंबेल धरण्याऐवजी पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भराव्यात. मुद्गल आणि मल्लखांब काही काळ बाजूला. दोन्ही मुळातच पकडीचे व्यायाम. सूर्यनमस्काराबद्दल सरसकट मनाई करता येत नाही. ज्या स्थितींत शरीराचा भार तळव्यांवर येतो त्यात मनगट मागे दुमडते, आणि ते काहींना सोसते, काहींना नाही. सोसत नसेल तर उभ्याच्या स्थिती ठेवाव्यात आणि तळव्यांऐवजी कोपर ते मनगट जमिनीवर टेकवून शरीर फळीसारखे धरावे. पोट-पाठीला तो व्यायाम पुरेसा कडक आहे. मात्र मुठी सैल हव्यात. थकवा आला की माणूस नकळत मूठ आवळतो.

चालणे आणि पळणे याबाबतही तेच. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून चालणारे दर जिममध्ये दिसतात. दांडा सोडता येत नसेल तर वेग जास्त आहे. सायकल घरातली, सरळ बसून चालवायची असेल तर उत्तम. रस्त्यावरच्या सायकलला ब्रेक आणि हँडलचे हादरे आहेत. पोहणाऱ्यांनी पाय मारण्यावर भर द्यावा, हाताची फळी नुसती टेकवावी. जिममध्ये पायांची यंत्रे निर्धास्त वापरता येतात. ओढण्याच्या व्यायामांत मनगटी पट्टे बांधून भार बोटांवरून मनगटावर घेता येतो, आणि ढकलण्याच्या यंत्रांत दांडा न आवळता तळव्याच्या टाचेने ढकलता येतो. उताण्या पंजाने दंडाचे व्यायाम बहुतेकांना चालतात; पालथ्या पंजाचे टाळावेत. लटकून अंग वर खेचणे मात्र सर्वांत शेवटी परत आणावे.

चांगल्या हाताचे व्यायाम चालू ठेवण्यात आणखी एक लाभ आहे. 1894 मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की एका हाताला सराव दिला की सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते. पुढे अनेक प्रयोगांत हे पुन्हा दिसले. हा परिणाम स्नायूंत न घडता मेंदू आणि मज्जासंस्थेत घडतो, म्हणून दुखऱ्या हाताला धक्का न लावता तो मिळतो. फक्त घरातले सगळे वजन चांगल्या हातावर टाकू नये, नाहीतर दुसरे कोपरही दुखू लागते. असे रुग्ण कमी नाहीत.

सहा महिने ते वर्षभर मन लावून व्यायाम करूनही फरक पडला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि ती वेळ फार थोड्यांवर येते. भारतात सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण सचिन तेंडुलकरचे. वजनदार बॅटने खेळणाऱ्या सचिनचे कोपर 2004 मध्ये दुखावले, त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातल्या मालिकेतले पहिले दोन कसोटी सामने हुकले, आणि मे 2005 मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. 25 ऑक्टोबर 2005 ला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि 93 धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीत पस्तिसावे कसोटी शतक झळकावून सुनील गावसकरांचा विक्रम मागे टाकला. शस्त्रक्रिया ते पुनरागमन यांत पाच महिने गेले, तेही पूर्णवेळ देखरेख असलेल्या खेळाडूचे. हे उदाहरण ऐकून घाईने शस्त्रक्रिया मागणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या चाचणीत, 2018 मध्ये, काही रुग्णांची कंडरा खरोखर साफ केली आणि काहींना नुसताच वरवरचा छेद दिला. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली.

खेळात परतताना तारखेपेक्षा पकडीवर विसंबावे. कोपर सरळ ठेवून, पंजा पालथा करून खुर्ची पाठीकडून धरून उचलता आली आणि कळ आली नाही, दुखऱ्या हाताची बिनदुखी पकड दुसऱ्या हाताच्या जवळ पोहोचली, की रॅकेट हातात घ्यायला हरकत नाही. टेनिसमध्ये घात करतो तो मुख्यतः एका हाताचा बॅकहँड. नवख्याचे मनगट चेंडू लागण्याच्या क्षणी आत वाकते आणि हादरा सरळ कोपरात जातो, म्हणून दोन हातांचा बॅकहँड शिकणे हा उपचारच ठरतो. रॅकेटच्या मुठीचा घेर मोजायचा तर अनामिकेच्या टोकापासून तळव्याच्या मधल्या आडव्या रेषेपर्यंतचे अंतर घ्यावे. तारांचा ताण दोन-तीन पौंडांनी उतरवावा, ओले आणि जुने चेंडू टाळावेत. पहिल्या आठवड्यात फक्त फोरहँड, पंधरा-वीस मिनिटे, एक दिवसाआड. मग बॅकहँड, आणि सर्व्हिस सर्वांत शेवटी. बॅडमिंटनला रॅकेट हलकी असली तरी मनगटाचे झटके जास्त, तेव्हा तिथेही स्मॅश शेवटचा. बाटलीचा व्यायाम खेळ सुरू झाल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा, निदान पुढचे तीन महिने, चालू ठेवावा लागतो.